मुद्दाम चुकवलेली वेळ

सर्व्हरवरचं नेमून दिलेलं काम ठोक्याला सुरू न करता थोडं मागेपुढे सरकवायचं, तेही दर वेळी वेगळं. या युक्तीला प्रोग्रामर ‘जिटर’ म्हणतात. तिचं मूळ रेडिओत आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केलं. दूरदूरची टर्मिनल्स एकाच रेडिओ चॅनेलवरून मुख्य संगणकाला संदेश पाठवत. दोन संदेश आदळले की दोन्ही फुकट, आणि दोघांनी सारखाच वेळ थांबून पुन्हा पाठवले तर पुन्हा तेच. म्हणून थांबण्याची मुदत प्रत्येकानं आपापली, नशिबावर सोडून ठरवायची. पुढे बॉब मेटकाफनं हे तत्त्व इथरनेटमध्ये आणलं.

पण हा उपाय टक्कर झाल्यानंतरचा. ठरावीक अंतरानं होणाऱ्या कामांना त्याची गरज नाही, असं धरून चालत. यंत्रं वेगवेगळ्या वेळी चालू केलेली, तेव्हा त्यांची कामं विखुरलेलीच राहणार! हा समज १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांच्या निबंधानं मोडला. बर्कलेहून एमआयटीकडे पाठवलेली पिंगची (जोडणी तपासणारी) पॅकेट्स दर ९० सेकंदांनी गळत होती. वाटेतले राउटर दर ९० सेकंदांनी एकमेकांना मार्गांची माहिती कळवत, आणि ते सगळे एकदमच कळवू लागले होते. आलेला निरोप हातावेगळा होईपर्यंत राउटर आपला पुढचा टायमर लावत नसे. दोघांचे निरोप एकदा जवळ आले की दोघंही एकाच वेळी मोकळे होत आणि टायमरही एकाच वेळी लावत. मग तिसरा त्यात ओढला जाई. कुणी हुकूम न देता कवायत!

यावर चिमूटभर जिटर पुरत नाही, हा मला त्या निबंधाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. ९० सेकंदांचा फेरा असेल तर दर वेळी ४५ ते १३५ मधला कोणताही आकडा घ्या, इतकी सढळ त्यांची शिफारस.

सर्व्हरवरची कामं ठरल्या वेळी चालवणाऱ्या क्रॉनमध्ये मात्र कवायत माणसंच लावतात. मिनिटाच्या आणि तासाच्या रकान्यात हात आपसूक शून्य लिहितो, आणि मध्यरात्री सगळी यंत्रं एकाच सर्व्हरच्या दारात. म्हणून फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीची ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ आज्ञा क्रॉनमधून चालवताना आधी १ ते ३६०० सेकंद झोपते. लिनक्सवरच्या सिस्टिमडीत याच कामाला ‘रँडमाइज्डडिलेसेक’ आहे. पण रोज बदलणारी वेळ देखभाल करणाऱ्याला जाचते. मग २०२० मध्ये ‘फिक्स्डरँडमडिले’ आलं: यंत्राच्या ओळखक्रमांकावरून उशीर एकदाच ठरतो, प्रत्येक यंत्राचा वेगळा, पण रोज तोच.