घाटाचा राजा आणि आपला जुना हमरस्ता

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली त्याच सुमारास तिकडे डोंगरापलीकडून द्रुतगती मार्ग येत होता. २००० साली त्याचा काही भाग सुरू झाला आणि २००२ पर्यंत तो पूर्ण खुला झाला. म्हणजे आपली सोसायटी आणि तो मार्ग जवळपास एकाच वयाचे. तो आला आणि आपल्या फाटकासमोरच्या मुंबई-पुणे रस्त्याला ‘जुना’ हे विशेषण कायमचं चिकटलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा आपण ‘जुना हायवे’ असंच म्हणतो. पण एक गोष्ट या जुन्याकडेच राहिली. द्रुतगती मार्गावर सायकलीला प्रवेश नाही. मुंबईहून सायकल मारत पुण्याला यायचं, तर भिस्त जुन्या रस्त्यावरच.

आणि सायकल मारत मुंबईहून पुण्याला लोक आलेले आहेत, तेही एकमेकांशी शर्यत लावून. मुंबई-पुणे सायकल शर्यत चाळीसच्या दशकात सुरू झाली. मध्ये काही वर्षं खंडही पडला, तरी ती पुन्हा उभी राहिली. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास येणारच, तो यायलाही हवा. पण समोरच्या रस्त्याचा इतिहासही आपलाच आहे, म्हणून हा लेख.

शर्यत साधारण दीडशे किलोमीटरची. मुंबई सोडली की पनवेल, चौक, खालापूर, खोपोली, मग बोरघाट. वर खंडाळा-लोणावळा, तिथून कामशेत, वडगाव, देहूरोड, निगडी, आणि आपल्या आकुर्डी-चिंचवड-पिंपरीवरून दापोडी, खडकी आणि पुणे. ही नावं आज आपल्याला लोकलच्या स्टेशनांमुळे आणि टोलनाक्यांमुळे पाठ आहेत. सायकलवाल्याला ती मांड्यांच्या दुखण्यानं पाठ होतात.

ही शर्यत हौशी लोकांची. ‘हौशी’ हा शब्द आपण जरा हलक्यानं वापरतो, हौशी नाटक, हौशी गायक वगैरे. सायकलीच्या जगात त्याला फार मान होता. हौशी म्हणजे सायकल चालवायचा पगार न घेणारा. कोणी कारखान्यात, कोणी दुकानात, कोणी कॉलेजात; पहाटे उठून सराव करायचा आणि नंतर कामावर जायचं. ऑलिंपिकमध्येसुद्धा १९९२ पर्यंत सायकलिंग फक्त हौशी खेळाडूंसाठीच होतं, धंदेवाईक सायकलपटूंना १९९६ च्या अटलांटापासून प्रवेश मिळाला.

रस्त्यावरच्या लांब शर्यतींची सुरुवात झाली ती फ्रान्समध्ये. १८६९ साली पॅरिसहून रूआंपर्यंत १२३ किलोमीटरची शर्यत लागली. जेम्स मूर नावाचा इंग्रज तरुण पहिला आला, आणि त्याला साडेदहा तासांच्या आसपास वेळ लागला. तेव्हाच्या सायकलीला ना चेन, ना हवेचे टायर. पायडल थेट पुढच्या चाकालाच. पुढे १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये अथेन्स ते मॅरेथॉन आणि परत अशी ८७ किलोमीटरची शर्यत झाली आणि ती ग्रीसच्या कोन्स्तांतिनिदिसनं जिंकली. १९०३ साली एका फ्रेंच क्रीडा दैनिकानं खप वाढवण्यासाठी ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. तिची कीर्ती आज सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडे मुंबईत सायकलीचं वेड पारशी तरुणांनी लावलं असं म्हटलं तरी चालेल. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सगळा फेरा पुरा करून १९२८ साली परत आले. १९४६ साली राष्ट्रीय सायकल महासंघ स्थापन झाला तो जानकीदास आणि सोहराब भूत यांच्या पुढाकारानं. हे जानकीदास म्हणजे पुढे हिंदी सिनेमात छोट्या-छोट्या भूमिकांत दिसणारे तेच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले. आपली मुंबई-पुणे शर्यत याच काळातलं अपत्य आहे. देश स्वतंत्र होत होता, आणि आपणही काही करून दाखवू अशी हवा होती.

आता घाटाकडे येऊ, कारण या शर्यतीचा जीव घाटात आहे.

बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या काळात. रेल्वे घाट चढली १८६३ मध्ये. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं इंग्रज इंजिनिअरांना डोंगरातली वाट दाखवली अशी आख्यायिका आहे, आणि आजही ड्रायव्हर तिथं नाणं टाकून पुढे जातात. सायकलवाल्याला तेवढीही उसंत नसते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या आसपास उंची चढायची. आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून असा हिशोब करू. आपली इमारत चार मजली, म्हणजे साधारण बारा मीटर. लिफ्ट बंद असते तेव्हा वरच्या मजल्यावरची मंडळी काय बोलतात ते आपण ऐकतोच. तर तळापासून गच्चीपर्यंत सुमारे चाळीस वेळा चढलं की खोपोली ते खंडाळा होतं. तेही पनवेलपासून सपाटीवर जीव खाऊन आल्यानंतर, आणि वर पोचल्यावर पुण्यापर्यंतचा रस्ता शिल्लक ठेवून.

म्हणूनच घाटमाथ्यावर पहिल्यांदा पोचणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. ‘टूर द फ्रान्स’मध्येही डोंगर चढण्यात सरस ठरणाऱ्याला १९३३ पासून वेगळं बक्षीस आहे, आणि १९७५ पासून त्याला लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा मिळतो. आपल्याकडे सदरा ठिपक्यांचा नाही, पण पदवी बघा कशी! पुण्यात कोण पहिला आला हे माणसं विसरतील, पण ‘हा घाटाचा राजा होता बरं का’ हे गल्लीत आयुष्यभर सांगितलं जातं.

सपाटीवर आणि घाटात शर्यत वेगवेगळी का होते, हेही सांगायला हवं. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहणाऱ्याचे कष्ट पुष्कळ वाचतात. म्हणून सगळे घोळक्यानं जातात आणि आळीपाळीनं पुढे येतात. कोणी नुसताच मागे लपून राहिला तर शिव्या खातो. म्हणजे हरवायचं ज्याला, त्याच्याच आडोशानं जायचं, आणि आपली पाळी आली की त्याला आडोसा द्यायचा. घाट लागला की हा व्यवहार संपतो. वेग इतका कमी होतो की आडोशाचा फारसा उपयोग राहत नाही. आपलं वजन आणि आपले पाय. घोळका फुटतो आणि एकेकटा माणूस दिसायला लागतो.

त्यातून सायकली कशा? आज वीस-बावीस गिअरच्या हलक्या सायकली दिसतात. खुद्द ‘टूर द फ्रान्स’मध्ये चालता-चालता गिअर बदलायची परवानगी १९३७ साली मिळाली, त्याआधी खाली उतरून मागचं चाक काढून उलटं बसवावं लागे. आपल्या रस्त्यांवर तर पुढे कित्येक वर्षं एका दात्याची साधी काळी सायकल हेच वाहन. चढावर पाय भरून आले तर उभं राहून मारायची, दुसरा उपाय नाही.

या साध्या काळ्या सायकलीपाशीच या शर्यतीचं खरं मूळ आहे. पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणत. आपल्या या पट्ट्यात तर कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. डबा कॅरिअरला, पँटला क्लिप, आणि सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला. बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा. डबलसीट दिसले की दोघंही उतरून शहाण्यासारखे चालायला लागायचे. पोरं तासाच्या भाड्यानं सायकल आणायची आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकायची. आपल्यातल्या ज्येष्ठ सभासदांना हे सांगायची गरज नाही.

अशा गावात हजारो माणसं रोज सायकल चालवतात, त्यातली शे-दोनशे जोरात चालवतात, आणि त्यातल्या एखाद्याला वाटतं की आपण घाट चढून बघावा. घाटाचा राजा असा तयार होतो. रोज पाळी गाठण्यासाठी पायडल मारणाऱ्यांच्या गर्दीतूनच तो वर येतो. रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे लोकही सायकलवालेच. चढावर दम कसा लागतो, समोरचा वारा काय करतो, हे त्यांना स्वतःच्या पायांनी माहीत होतं. म्हणून त्यांच्या टाळीला अर्थ होता.

पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. ज्या आकुर्डीवरून शर्यत जायची, तिथंच स्कूटर तयार होऊ लागली, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लोक तयार झाले. त्यात वाईट काही नाही. संसाराला, म्हाताऱ्या आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला गाडी लागतेच. पण रस्त्यावरून सायकल गेली, तशी शर्यतीच्या पायाखालची मातीही थोडी-थोडी सरकली. हमरस्त्यावरची शर्यत म्हणजे वाहतूक थांबवायची, पोलीस बंदोबस्त लावायचा, चौकाचौकात माणसं उभी करायची. रस्त्यानं अर्धा दिवस आपला ताबा सोडायचा. लोकांना ती आपली वाटली तरच ते थांबतात, नाहीतर हॉर्न वाजवतात.

तरी हौस मेलेली नाही. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण केली. दोघंही दवाखाना सांभाळणारे डॉक्टर. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. नोकरी-व्यवसाय सांभाळून सायकल मारायची ही जुनीच परंपरा. आणि एवढ्या लांब कशाला? रविवारी पहाटे दुधाची पिशवी आणायला खाली उतरलात, तर आपल्या फाटकासमोरून लोणावळ्याच्या दिशेनं जाणारे लाल दिवे लुकलुकताना दिसतील. तेही नाश्त्याला घरी परत येतात आणि सोमवारी कामावर जातात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा आहे. जिन्याखाली आणि मागच्या भिंतीपाशी मुलांच्या सायकली उभ्या असतात. काही गंजलेल्या, काहींची हवा गेलेली. चारचाकी वाढल्या, जागा पुरत नाही, तेव्हा त्या जागेवर सगळ्यांचाच डोळा जाणार, हे खरं. अडचण मलाही दिसते. तरी सर्व सभासदांना एवढीच विनंती, की पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार करताना सायकलींची ती दहा-बारा हात जागा सायकलींनाच राहू द्यावी. भंगारात द्यायच्या त्या जरूर द्या, पण बाकीच्यांत हवा भरा, चेनला तेल घाला. मुलांना आधी आवारात आणि मग सकाळी लवकर, मोठ्यांच्या सोबतीनं, बाहेरच्या रस्त्यावर जाऊ द्या.

त्यातलं प्रत्येक पोर शर्यतीत उतरेल असं नाही, उतरायचं कारणही नाही. पण बोरघाट अजून तिथंच आहे आणि चढ एक मीटरनंही कमी झालेला नाही. तो चढायचं एखाद्याच्या मनात यायला घरात आधी चालती सायकल लागते.