प्रोस्टेट कर्करोग : बायोप्सी अहवालातील अंकांचा अर्थ

प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथीच्या बायोप्सी अहवालात 'ग्लीसन ६' असा उल्लेख आढळला, की दहापैकी सहा म्हणजे आजार निम्म्याहून पुढे गेला, असा समज होतो. प्रत्यक्षात हा अंक या कर्करोगाची सर्वांत सौम्य श्रेणी दर्शवितो.

अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. कर्कपेशींची रचना निरोगी ग्रंथीपेक्षा किती बिघडली आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिला १ ते ५ पैकी अंक दिला जातो. बायोप्सीमध्ये सर्वाधिक प्रमाणात आढळणाऱ्या रचनेचा अंक आणि उर्वरित भागातील सर्वांत वरचा अंक यांची बेरीज केली जाते. सर्वत्र एकच रचना असल्यास तोच अंक दोनदा धरतात. बायोप्सीत १ व २ हे अंक आता सहसा दिले जात नाहीत. त्यामुळे मोजणी ३+३, म्हणजे ६ पासूनच सुरू होते.

बेरजेइतकाच अंकांचा क्रमही महत्त्वाचा असतो. ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७ असली, तरी दुसऱ्या प्रकारात आक्रमक पेशींचे प्रमाण अधिक असते. हा गोंधळ टाळण्यासाठी २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पाच गट निश्चित झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ते स्वीकारले.

गट १ : बेरीज ६
गट २ : ३+४
गट ३ : ४+३
गट ४ : बेरीज ८
गट ५ : बेरीज ९ किंवा १०

केवळ गटावरून आजाराची पुढील वाटचाल ठरविता येत नाही. साधारणपणे घेतल्या जाणाऱ्या १२ नमुन्यांपैकी किती नमुन्यांत कर्करोग आढळला, प्रत्येकाचा किती भाग व्यापला, रक्तातील पीएसए १० पेक्षा कमी आहे की २० पेक्षा अधिक आणि गाठ ग्रंथीबाहेर पसरली आहे का, हेही विचारात घेतले जाते.

सुई ग्रंथीच्या अल्प भागापर्यंतच पोहोचते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत श्रेणी कधी कधी बदलते. शंका असल्यास त्याच काचपट्ट्या दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाकडून तपासून घेता येतात.

गट १ मधील अनेक रुग्णांना तातडीच्या शस्त्रक्रियेची वा किरणोपचाराची गरज नसते. पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करून त्यांच्यावर नियमित देखरेख ठेवली जाते. गट ४ व ५ मध्ये मात्र उपचारांचा निर्णय लांबविणे धोक्याचे ठरू शकते.