झाशीचा तट आणि झाशीची तिजोरी

मानिक चौकातल्या गर्दीतून वाट काढीत राणीमहालापाशी येणारा मराठी माणूस बहुधा एकच प्रश्न मनात घेऊन येतो: एवढा बळकट किल्ला पडला कसा? शौर्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. हिशेबाची कथा सहसा कोणी सांगत नाही.

१६१३ साली ओरछाच्या वीरसिंहदेवाने बांधलेल्या या किल्ल्यास मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी पुढे शंकरगडाची जोड दिली आणि पायथ्याशी शहर वाढविले. तट त्यांनी भक्कम केला; परंतु पुढील शतकात तटामागचे सैन्यच हळूहळू परक्याच्या हाती गेले. गंगाधरराव नेवाळकरांना कंपनीने कारभार सोपविला तो एका अटीवर. बुंदेलखंड लीजन नावाच्या इंग्रजी फौजेच्या खर्चासाठी दोन लाखांहून अधिक उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. पैसा झाशीचा, हुकूम कंपनीचा! संरक्षणावर खर्च होत नव्हता असे नाही. पण जिच्यापासून संरक्षण हवे तिच्याच फौजेवर तो होत होता. १८५४ साली संस्थान खालसा झाले तेव्हा कंपनीस वचक बसावा अशी एकही पलटण झाशीपाशी नव्हती. राणीचा विरोध अर्जांतूनच व्यक्त होऊ शकला, आणि अर्जांचे भय कोणास वाटते?

१८५७ च्या जूनमध्ये सत्ता पुन्हा हाती आल्यावर लक्ष्मीबाईंनी जे केले ते युद्धशास्त्राच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावे. शिपाई भरती केले, तोफा ओतविल्या, दारूगोळा गावातच तयार करविला. त्याच वर्षी ओरछाची फौज चालून आली, ती याच जोरावर परतवली. परंतु शेजाऱ्यांचे वैर तोफांनी मिटत नाही. पुढे सर ह्यू रोझ येतो आहे हे कळताच भोवतालचा प्रदेश चाराशून्य करण्यात आला, ही योजना चांगलीच होती. मात्र रोझला रसद मिळाली ती ओरछाकडून आणि शिंद्यांच्या मुलखातून. माझ्या मते झाशीचे खरे खिंडार तटात नव्हे, इथे पडले.

२१ मार्च १८५८ रोजी रोझ झाशीपुढे आला. सुमारे वीस हजारांनिशी तात्या टोपे मदतीस धावले. रोझने वेढा उठविला नाही. दीड हजारांच्या आसपास माणसे घेऊन १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांस गाठले आणि मागे रेटले. संख्या कोणाची मोठी होती हे निराळे सांगावयास नको. ३ एप्रिलला इंग्रज तट चढून शहरात उतरले, आणि राणी पुढच्या रात्री घोड्यावरून निसटल्या.

वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरातच होते. १९०७ साली छापून निघालेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या ग्रंथात पुढील दिवसांची कत्तल आणि लूट नोंदलेली आहे. वाड्यातला ग्रंथसंग्रहदेखील त्या लुटीतून सुटला नाही.