पत्राची जमीन

साडी विणणारा किंवा छापणारा कारागीर वस्त्राच्या मूळ पृष्ठाला ‘जमीन’ म्हणतो, आणि बुट्टा, वेल, काठ हे सारे त्या जमिनीवर उगवते असे मानतो. हीच संज्ञा पत्राच्या कागदालाही लावावी असे मला वाटते, कारण आमच्या दक्षिणेत पत्राचा आशय कित्येक शतके अक्षरांच्या आधी त्यांच्या खालच्या जमिनीने सांगितलेला आहे. हल्ली आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडातली शाळकरी मुले संक्रांतीची भेटकार्डे हाताने करताना भेंडीचा आडवा काप रंगात बुडवतात, त्यावर पाण्याचा शिपका मारून तो कागदावर दाबतात, आणि कडा फुटून जे धूसर मेघ उमटतात ते पाहून ही हौस परमुलखातून आली असावी असे एखाद्यास वाटेल. पण तिचे कूळ आपल्याच प्रांतात सापडते.

1327 साली महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस, हलविली, आणि त्या लोंढ्यासोबत कागदी लोकही दक्षिणेत उतरले अशी परंपरा आहे. दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या मधल्या कागजीपुऱ्यात जुन्या चिंध्या कुटून, चुन्यात भिजवून, हौदातला लगदा बारीक काड्यांच्या जाळीवर झेलून, वाळल्यावर खळ देऊन आणि गुळगुळीत दगडाने घोटून जो कागद होई, त्याच्या अंगावर बोरू अडखळत नसे. शाई फुटू नये म्हणून इतका खटाटोप. आणि तिकडे विजापुरी दरबारात नेमके शाईला मनसोक्त फुटू देण्याचे शास्त्र सतराव्या शतकात परिपक्व झाले. मेथीच्या दाण्यांसारख्या चिकट द्रव्याने दाट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे, काडीने त्यांना वळण द्यायचे, आणि तुरटीचे पाणी दिलेला कागद अलगद टेकवून ते तरंग उचलून घ्यायचे, अशी ती ‘अबरी’. फारसीत अब्र म्हणजे मेघ. हाडांचा सापळा उरलेल्या घोड्याची आणि त्याच्या कृश स्वाराची विजापुरी अबरी चित्रे आजही परदेशी संग्रहालयांत आहेत, आणि ती मेघमय काया पाहताना आकृती मोठी की जमीन, हे मला कधी ठरविता आलेले नाही.

दरबारी पत्रव्यवहारात याच वृत्तीचे दुसरे रूप म्हणजे सोन्याचे कण शिंपडलेला अफशानी कागद. तो जरतारी खलित्यातून रवाना होई, आणि मजकूर वाचण्यापूर्वीच घेणाऱ्याला आपला दर्जा कळे. मुखेड 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. इथल्या रयतेच्या वाट्याला सोन्याचा कण कुठून येणार? तिचा कागद सारा दाव्याचा, पावतीचा. 1884 पर्यंत वरिष्ठ दफ्तराची जबान फारसी, पुढे उर्दू, आणि त्यावरची मोहर काळी, कोरडी, हुकमी.

मात्र त्याच रयतेने लग्नाच्या पत्रिकेला आपली जमीन दिली. पहिली पत्रिका गणपतीपुढे, मग कुलदैवताला, मग ते माहूरची रेणुका असो वा माळेगावचा खंडोबा, आणि नंतर भाऊबंदांना. प्रत्येकीच्या चारी कोपऱ्यांना कालवलेल्या हळदकुंकवाचे बोट लागल्यावाचून ती घराबाहेर पडत नसे. मृत्यूची वार्ता नेणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे, म्हणून अक्षर न ओळखणारी बाईसुद्धा कागद हाती येताच हसावे की रडावे हे जाणत असे. कोपऱ्यांचे हे लेखन मला साऱ्या फर्मानांहून थोर वाटते.

आमच्या ओसरीवर पत्रिकांच्या चळती पडत, तेव्हा आजी वाटीत हळदकुंकू कालवून अनामिकेने एकेक कोपरा टेकीत जाई. कागद स्वस्त, गुलाबी, शोषणारा. थेंब टेकताच त्याभोवती पिवळसर ओलावा पसरे आणि मध्ये लाल गाभा राही. वाळेपर्यंत थांबायला कोणाला सवड नसे, म्हणून ओल्याच पत्रिका एकीवर एक ठेवल्या जात, आणि गावोगावी गेलेल्या प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर तिच्याखालच्या पत्रिकेचा फिका, लालसर ठसा उमटलेला असे.