धनुर्वाताचा जंतू

ग्रॅम यांच्या रंजनक्रियेत जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या, म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह, जंतूंपैकी क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी हा प्राणवायूवाचून वाढणारा दंडाकार जंतू माती व जनावरांची लीद यांत आढळतो. त्याच्या एका टोकास येणारे बीजुक नगाऱ्याच्या टिपरीसारखे दिसते व उकळत्या पाण्यासही काही काळ दाद देत नाही. १८८९ साली कितासातो यांनी बर्लिन येथे कॉख यांच्या प्रयोगशाळेत त्याचे शुद्ध संवर्धन सिद्ध केले, आणि पुढील वर्षी बेरिंग यांच्यासह प्रतिविषाचा शोध जाहीर केला.

खोल जखमेत बीजुके रुजली, की जंतू तेथेच राहतो, परंतु त्याचे विष मज्जातंतूंच्या मार्गाने मेरुरज्जूपर्यंत पोहोचून स्नायूंस आवर घालणारे संदेशच रोखते. त्यामुळे बहुधा प्रथम दातखीळ बसते, पुढे यत्किंचित आवाजानेही पाठ मागे वाकून ताठ होते, आणि रोगी मात्र या साऱ्या यातनांत शुद्धीवर असतो, हे या व्याधीचे सर्वांत दारुण लक्षण होय. रोग होऊन गेल्यानेही प्रतिकारशक्ती येत नाही. सबब बऱ्या झालेल्या रोग्यासही लस टोचणे अवश्य आहे. अशुद्ध पात्याने नाळ कापल्यामुळे एके काळी भारतात असंख्य अर्भके दगावत; गर्भवतींचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांच्या योगे २०१५ साली या नवजात धनुर्वाताचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाले.