रक्ताच्या दाराशीं

माझे एक जुने सहकारी, ज्यांच्यासमवेत तीस वर्षें मीं एकाच शाळेंत अध्यापन केलें, मागें मूत्रपिंडाच्या विकारानें अंथरुणास खिळले. आठवड्यांतून तीन वेळां त्यांना डायालिसिससाठीं रुग्णालयांत न्यावें लागे, आणि सोबतीला बहुधा मीच असें. मानेजवळच्या मोठ्या शिरेंत घातलेल्या नळीचीं तोंडें त्यांच्या छातीवर बाहेर आलेलीं होतीं. एके दिवशीं यंत्र सुरू होऊन अर्धा तास झाला नाहीं तोंच त्यांना हुडहुडी भरली, दांत वाजूं लागले, आणि पाहतां पाहतां ताप चढला. यंत्रांत कांहींच बिघाड नव्हता. नळीवाटें जंतु रक्तांत शिरले होते. त्या पंधरवड्याच्या काळजींत या विषयाचा जो इतिहास मीं वाचून काढला, तोच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

हें यंत्र प्रथम माणसाच्या उपयोगास आणलें तें विलेम कोल्फ या डच डॉक्टरानें. १९४३ सालीं हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यांत होता, आणि सामुग्रीची वाण सर्वत्र होती. कांपेन नांवाच्या लहानशा गांवीं कोल्फनें लांकडी पट्ट्यांच्या पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळली. ही नळी मुळांत सॉसेज नांवाचा मांसपदार्थ भरण्यासाठीं बनविलेली! पिंप खारट पाण्यांत फिरे, व नळींतील रक्तांतला मळ पाण्यांत उतरे. आरंभींचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. १९४५ सालीं ६७ वर्षांची एक स्त्री मात्र शुद्धीवर येऊन वांचली. परंतु अडचण निराळीच होती. दर खेपेस धमनी व शीर नव्यानें उघडावी लागे, आणि थोड्याच खेपांत हातापायांतील जागा संपून जात. रक्त शुद्ध करण्याची युक्ति सांपडली, पण रक्तापर्यंत पुनःपुन्हां पोंचावें कसें, हा प्रश्न उरलाच.

तो १९६० सालीं अमेरिकेंत सिएटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं सोडविला. टेफ्लॉनच्या दोन नळ्या एक धमनींत, एक शिरेंत बसवून त्यांचीं बाहेरचीं टोकें एकमेकांस जोडलीं. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला रुग्ण १९७१ पर्यंत जगला. जो महिन्याभरांत मरावयाचा, तो अकरा वर्षें जगला, हें केवढें आश्चर्य! तथापि कातडीला भोंक पाडून घातलेली ती नळी म्हणजे कायमचें उघडें दार होतें. तेथें रक्त गोठे, आणि जंतूंसही वाट मिळे.

न्यूयॉर्क शहरांतील ब्राँक्स येथील ब्रेशिया, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं जें प्रसिद्ध केलें, तें माझ्या अल्पमतीस या सर्व इतिहासांतलें सर्वांत चतुर काम वाटतें. त्यांनीं परकी वस्तुच वगळली. मनगटाजवळ रुग्णाचीच धमनी त्याच्याच शिरेस शिवून टाकली. धमनीच्या जोरानें शीर फुगते, जाड होते, व तिला दर खेपेस सुई टोंचतां येते. याला फिश्च्युला म्हणतात. काम आटोपलें कीं सुया काढून घेतात, कातडी पुन्हां मिटते.

मग नळ्या अजून कां? कारण ही शीर तयार होण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि मूत्रपिंडें बंद पडलेल्या मनुष्यास तितकी सवड नसते. कांहींच्या शिरा तर त्या जोगत्याच नसतात. नळीच्या आंतल्या अंगास जंतु बुळबुळीत थर करून चिकटतात, व त्या थरांत औषधही नीटसें पोंचत नाहीं. हे जंतु बहुधा कातडीवरचे, म्हणजे रुग्णाच्या व शुश्रूषा करणाऱ्यांच्या अंगावरचेच.

येथें हात धुण्याची जुनी कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत १८४७ च्या एप्रिल महिन्यांत शंभर बाळंतिणींत सुमारें १८ मरत. सेमेलवाइस यानें क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली, आणि उन्हाळा संपतां संपतां तें प्रमाण दोनांच्या आसपास आलें. तरीहि थोरथोर वैद्यांस तें पटलें नाहीं.

त्यानंतर दीडशें वर्षांनीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत पीटर प्रोनोव्होस्ट यांनीं अतिदक्षता विभागांतील नळ्यांसाठीं पांच साध्या गोष्टी ठरविल्या: हात धुणें, नळी घालतांना अंग पूर्ण झांकून घेणें, क्लोरहेक्सिडीननें कातडी पुसणें, जांघेंतली जागा टाळणें, व गरज संपतांच नळी काढणें. त्यांत चुकलेल्या डॉक्टरास थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस होता. शिपायानें हेडमास्तरांची चूक दाखवावी, तसाच हा प्रकार! २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, हजार नळी-दिवसांमागें रक्तदोषाचें सरासरी प्रमाण ७.७ वरून दीड वर्षांत १.४ वर आलें.

डायालिसिसच्या खोलींतही आतां हाच मार्ग आहे. नळीचें टोंपण उघडण्यापूर्वीं व नंतर तोंड घासून पुसणें, रुग्ण व परिचारिका दोघांनींही मुखपट्टी बांधणें, घरीं नळीला पाणी लागूं न देणें. आमच्या मित्राची नळी त्या तापानंतर काढून नवी घालावी लागली, आणि त्यानंतर त्यांची पत्नी दाराशीं उभी राहून प्रत्येकाचे हात पाहूं लागली. प्रथम मला संकोच वाटला, पुढें मीही तेंच करूं लागलों. वर्गांत रोज सकाळीं मुलांचीं नखें तपासण्याची संवय येथें कामीं आली.

दरम्यान त्यांच्या डाव्या मनगटाजवळ फिश्च्युला करण्यांत आला होता. तीन महिन्यांनीं छातीवरची नळी निघाली. त्या दिवशीं त्यांनीं माझें बोट धरून मनगटावर ठेवलें, आणि म्हणाले, "पहा मास्तर." कातडीखालीं मांजर घुरघुरावें तशी अखंड थरथर लागत होती.