पापुद्र्याची कुळकथा

‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या वाट्याला आला तो मटार. हिवाळ्यात शहापुरा-पाटणकडच्या शेंगांचे ढीग घरोघर सोलले जातात. किलोभर शेंगांतून निम्म्याच्या आसपास दाणे निघतात आणि सालं गाईपुढे पडतात. काही घरांत मात्र साल आतल्या बाजूने मोडून तिचा चकचकीत, चिवट पापुद्रा टोकापासून ओढून काढतात आणि उरलेल्या हिरव्या गराची बटाटा घालून भाजी करतात. अशा चालीला आपण ‘कोंड्याचा मांडा’ म्हणतो आणि तिचं श्रेय गरिबीला देऊन मोकळे होतो. पण भुकेमुळे साल शिजवावीशी वाटेल. तिच्यातला नेमका कोणता थर टाकायचा, हे भूक शिकवत नाही. ही चाल टंचाईतून नव्हे, शेंगेच्या ओळखीतून आली, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याचा धागा थेट मेंडेलच्या बागेत जातो.

मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची जी सात लक्षणं तपासली, त्यांतलं एक होतं शेंगेचा आकार: फुगीर की दाण्यांभोवती आवळलेला. शेंगेला फुगीर ठेवतो तो हाच पापुद्रा. रानवाटाण्यात तो वाळताना पीळ घेतो आणि दाणे दूर उडवतो. ज्या वाणात तो नसतो, त्याची शेंग आवळते, पण सालासकट खाता येते; फ्रेंचांनी तिचं नावच ‘सगळं खा’ अशा अर्थाचं ठेवलं. मेंडेलच्या दुसऱ्या पिढीतल्या ११८१ झाडांपैकी ८८२ फुगीर शेंगांची निघाली, २९९ आवळलेल्या. तीनास एक! युरोपातल्या माळ्यांनी पापुद्रा बियाण्यातूनच घालवला, आपल्याकडच्या बायकांनी तो बोटांनी काढला.

मग ही भाजी साहेबाच्या शेंगेची नक्कल असेल का? तसं वाटत नाही. बिनपापुद्र्याची शेंग हाती असणाऱ्याला सोलण्याची युक्ती सुचण्याचं कारणच नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: ही युक्ती सगळीकडे का पसरली नाही? माझा संशय शब्दावर आहे. ‘वाटाणा’ संस्कृत ‘वर्तुल’च्या घरातला धरला, तर त्या नावात फक्त गोल दाणा आहे; कोशांत ‘वर्तुल’चा एक अर्थ वाटाणा असाही मिळतो. नावातच साल नाही, म्हणून ती कचरा ठरली. दोडका हे नाव मात्र अख्ख्या फळाचं, म्हणून त्याच्या शिरांचीही तीळ-खोबऱ्याची चटणी होऊन पानात डावीकडे बसली. कुणी म्हणेल, हिंदीत तर ‘मटर’ आहे. खरंच आहे, आणि त्या शब्दात गोलपणाची सक्ती दिसत नाही. सालीची भाजी हिंदी मुलखात अधिक रुजली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आता आक्षेप तंतूंचा. आरोग्यासाठी चोथा हवा, तर सर्वांत चोथट थर फेकायचा कशाला? कारण तो दातांना जुमानत नाही. पण अख्खी साल वाळवून दळली, की पापुद्राही पिठात जिरतो. अशी पूड बिस्किटांत आणि सूपमध्ये घालण्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे पापुद्र्यावर उपाय तीन: बियाण्यातून घालवा, बोटांनी काढा किंवा जात्यात घाला. यांतला बोटांचा उपाय सर्वांत स्वस्त आणि आजच करता येण्याजोगा आहे. आपण मात्र सालीला वाटाण्याच्या अक्षता लावून बसलो आहोत.